बेहेरे मास्तरांनी बसवलेला साहेब

श्रीपती बेहेरे मास्तरांनी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या अवधीत तालुक्यातली निम्मी भुतं खलास केली. कुठं पिंपळावर मुंजा आहे म्हटलं, की मास्तर छत्री घेऊन हजर. कुणी चकवा लागल्याचं सांगत आला, की त्याला फळ्यावर नकाशा काढून दाखवत. "हे बघ, तू इथून माडीच्या दुकानातून निघालास. तुझा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब पडत होता. म्हणून गोल फिरून पुन्हा माडीच्या दुकानाशीच आलास. यात भुताची चूक काय?" अंगात येणाऱ्या बायांच्या नाकाशी ते प्रयोगशाळेतली अमोनियाची बाटली धरत. एका हुंगण्यात देवी पसार होई आणि बाई मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मास्तर म्हणत, "प्रयोग यशस्वी."

उल्का ही त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. पाचवीत आली तेव्हा न्हाणीघरात जाताना आईला दाराशी उभी करणारी पोरगी. मास्तरांनी तिला भर दुपारी खाडीकाठच्या पिंपळाखाली नेऊन बसवलं, हातात पेरू दिला आणि सांगितलं, "खा. आणि मुंज्याला विचार, मीठ हवंय का." मुंज्यानं काही मीठ मागितलं नाही. उल्काची भीती त्या पेरूबरोबर गेली ती गेलीच. पुढं ती मुंबईला जाऊन टीव्हीच्या मालिका लिहायला लागली, तरी महिन्याला एक पत्र मास्तरांना येत असे. आपण जे काही आहोत ते बेहेरे सरांमुळं, असं ती चारचौघांत सांगायची. मास्तर ते ऐकून 'छे छे' म्हणायचे आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून थांबायचे.

एवढं सगळं खरं. पण या भूतमाराचं एक गुपित होतं. साऱ्या तालुक्यातली भुतं मारली, स्वतःच्या गावातलं एक मात्र त्यांनी कधी शिवलं नाही.

गाव आंबेकोंड. रत्नागिरीहून एसटीनं तासाभराचं. मास्तरांची तिथं आंब्याची चार कलमं आणि घर. मे महिन्याच्या सुट्टीत गावी आले, की सकाळी ओटीवर पेपर घेऊन बसत. त्याच वेळेला सोनूबाई खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, घाटी चढून येई. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, मान ताठ आणि धाप लागलेली. पावसाळा संपला की हा पऱ्या आटत जाई. मग ती डबक्यातून वाटीवाटीनं हंडा भरी. ती अंगणासमोरून जायला लागली, की मास्तर मनगटावरचं घड्याळ बघत. ती गेली, की पेपर वाचत. इतकी वर्षं ते घड्याळ बघत आले आणि किती वाजले हे त्यांना एकदाही कळलं नाही.

कारण सोनूबाईच्या परसात तिची स्वतःची विहीर होती. सासऱ्यानं जांभा फोडून बांधलेली, भर मे महिन्यात पुरुषभर पाणी असलेली. आणि त्या विहिरीवर साहेब बसला होता. आणि साहेब बसवला होता श्रीपतीनं.

आता हे सांगायचं तर पन्नास सालात जायला हवं. तेव्हा मास्तर मास्तर नव्हते. बाविशीतला श्रीपती म्हणजे गावावरून ओवाळून टाकलेला गडी. मॅट्रिक एकदाचा झालेला, नोकरी नाही, बापाशी बोलणं नाही. सोबतीला भागोजी आणि काशीराम. तिघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि तिघांनाही घरी कुणी पान वाढत नसे. त्याच सुमारास दारूबंदी आली. काशीरामचा मामा मचव्यावर होता, तो गोव्याहून बाटल्या आणून देई. प्रश्न लपवायच्या कुठं हा होता. पोलीस गोठे बघत, गवताच्या उडव्या उपसत. विहिरीत कोण बघणार? तिघांनी बाटल्यांच्या गळ्याला सुंभ बांधून सोनूबाईच्या विहिरीत सोडल्या. लपल्याही आणि गारही झाल्या. अशी अक्कल देवानं चांगल्या कामाला दिली असती तर आंबेकोंडात धरण झालं असतं.

सोनूबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. नवरा धाकू मुंबईला गोदीत. सासरा वारलेला, सासू डोळ्यांनी अधू. एके दिवशी तिची कळशी आत गेली आणि 'ठण्' आवाज आला. तिनं वाडीत सांगितलं, हिरीत काचेचं कायतरी हाय. झालं, त्याच रात्री तिघं विचाराला बसले.

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता, बायका पाण्याला आल्या असताना, विहिरीतून आवाज आला. घुमणारा, खर्जातला, आणि इंग्रजी! आत, पुढं आलेल्या एका दगडावर, श्रीपती उकिडवा बसला होता. भूत म्हणून काय बोलायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं. त्याला इंग्रजीतलं पाठ असं एकच येत होतं, मॅट्रिकला घोकलेला रजेचा अर्ज. तोच त्यानं ठोकून दिला. "सर, आय बेग टु स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर अँड ॲन अर्जंट पीस ऑफ वर्क ॲट होम! काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज!" कळश्या टाकून बायका जी धूम पळाल्या, त्या पार देवळापर्यंत. काठावर भागोजीनं ठरल्याप्रमाणं अंग टाकलं, डोळे फिरवले आणि अर्ज मराठीत करून सांगितला, "मी विलायतचा साहेब. इथं बुडून मेलो. ही जागा माझी. इथं पाय टाकाल तर वंश बुडवीन!"

तिघांना वाटलं, आठ-पंधरा दिवस बायका येणार नाहीत, तेवढ्यात माल संपवू. पण गावाची रीत ते विसरले. आमच्याकडं भुताला हाकलून देत नाहीत. त्याला जागा देतात, मान देतात, वर्षाची राखण, म्हणजे नैवेद्य, ठरवतात आणि मग तो घरच्या जावयासारखा रुसत-फुगत कायमचा राहतो. गावकऱ्यांची बैठक बसली. देवाला कौल लावला. विहिरीच्या काठावर दगड बसला. गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं विनवणी, घालायचा मान भागोजीला मिळाला, कारण साहेबाची भाषा त्यालाच कळत होती. साहेब नारळ खाणार नाही म्हणून उकडलेली अंडी, सिगारेटचं पाकीट आणि सगळ्यांनी डोळ्यावर कातडं ओढून ठेवलेली एक बाटली, अशी राखण ठरली. भर दारूबंदीत! फौजदाराला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गोऱ्या साहेबाच्या भानगडीत मी पडत नाही.

पहिली दोन वर्षं ती राखण कुणी खाल्ली हे सांगायला नको. मग काशीराम मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. श्रीपतीला शिक्षकाची नोकरी लागली, बाटली सुटली, माणूस सुधारला. इतका सुधारला की लोक त्याच्या पाया पडायला लागले. साहेब बसवायला तिघं होते, उठवायला कुणालाच सवड मिळाली नाही. आणि सोनूबाई घाटी चढत राहिली.

मास्तर निवृत्त होऊन कायमचे आंबेकोंडात आले आणि शहाऐंशी सालच्या जानेवारीत उल्का दारात येऊन उभी राहिली. पायांत बूट, गळ्यात चष्मा, हातात टेपरेकॉर्डर. आनंदानं नुसती फुलली होती.

"सर, भुताखेतांची मालिका करतोय. तेरा भाग. प्रत्येक भागात कोकणातलं एक भूत, आणि शेवटी एक जाणता माणूस त्याचा शास्त्रीय खुलासा करणार. मी अटच घातली, बेहेरे सर असतील तर मी लिहीन."

"छे छे," मास्तर म्हणाले आणि थांबले.

"आणि पहिलंच भूत तुमच्या गावचं निघालं! विहिरीतला साहेब. तुम्ही कधी बोलला नाहीत त्याबद्दल. मी आत्ता त्या भागोजीआजोबांकडून गाऱ्हाणं टेप करूनच येतेय. ऐका तरी."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. उल्कानं बटण दाबलं. भागोजीचा म्हातारा आवाज खरखरत आला. "बा विलायतच्या सायबा! ही जी काय राखण तुजी लेकरं देतायत ती मान्य करून घे. वाडीतल्या पोराबाळांना सुखात ठेव!" मागून चारसहा जणांचं 'व्हय म्हाराजा'. आणि मग, छत्तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला, पण एक शब्द न गळलेला मंत्र. "सर, आय बेग टु स्टेट..."

उल्का हसत होती. मंत्र 'फीवर'पर्यंत आला तेव्हाही हसत होती. 'अर्जंट पीस ऑफ वर्क'ला तिचं हसू थांबलं. तिनं टेप मागं घेऊन पुन्हा लावली.

रजेचा अर्ज शाळेतल्या प्रत्येकाला येतो. पण ताप आणि घरचं काम अशी दोन्ही कारणं एका दमात घालणारा मास्तर महाराष्ट्रात एकच होता. एक नामंजूर झालं तर दुसरं हाताशी असावं, हे त्यांचं तत्त्व. इंग्रजीचे मास्तर रजेवर असताना त्यांनी तो अर्ज उल्काकडून सातवीत पन्नास वेळा लिहून घेतला होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमच्या साहेबाला ताप आला होता का हो?"

आतून मास्तरांच्या पत्नी कुसुमताई चहा घेऊन येत होत्या. त्या दाराशीच थबकल्या. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण नवऱ्याचा चेहरा असा पडलेला त्यांनी कधी बघितला नव्हता. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. बाटल्यांपासून अंड्यांपर्यंत. उल्का हसून हसून गडाबडा लोळायची बाकी राहिली. "म्हणजे त्यानं दोन दिवसांची रजा मागितली आणि गावानं त्याला छत्तीस वर्षं कामाला लावलं!" कुसुमताईंनाही पदर तोंडाला लावावा लागला. मास्तरही जरा सैलावले. हे इतकं सोपं होतं तर आपण एवढी वर्षं उगाच घाबरलो, असं त्यांना वाटायला लागलं.

तेवढ्यात उल्कानं विचारलं, "पण सर, विहीर कुणाची?"

"सोनूबाईची."

"मग ती पाणी कुठून आणते?"

मास्तरांनी घड्याळाकडं बघितलं. उल्का खिडकीतून घाटीकडं बघत राहिली. चहा तसाच निवला.

"हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी नको. त्या विहिरीसाठी."

मास्तर म्हणाले, "सांगतो." आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आठ दिवस बसून त्यांनी चार पानं लिहिली. सुरुवात मानवी मनातल्या भयाच्या उगमापासून. कुसुमताईंनी ती पानं चाळली आणि म्हणाल्या, "भाषण लिहिलंत की माफी? माफीला एवढा कागद लागत नाही."

शूटिंगच्या दिवशी आंबेकोंड सगळं सोनूबाईच्या परसात लोटलं. सोनूबाई तेवढी नव्हती. परसात दोऱ्या बांधल्या, घरातून बाहेर पडायला वाट ठेवली नाही म्हणून ती पहाटेच हंडा घेऊन पऱ्यावर गेली होती. दिग्दर्शक मुंबईचा, टोपीवाला. त्याला भर दुपारी मध्यरात्र करायची होती. कॅमेऱ्याला निळी काच लावली, ओलं गवत पेटवून धूर केला. त्या धुरात निम्मा गाव खोकत होता आणि ते खोकणंसुद्धा भीतिदायक आलं म्हणून दिग्दर्शक खूश. साहेबाचं काम करायला दादरचा एक नट आणला होता, तोंडाला पीठ फासलेला. त्याला बघून भागोजी भडकला. "आमचा सायब असला भिकारडा नाय! त्याला मिश्या हायत!" मिश्या कुणी बघितल्या होत्या देव जाणे, पण नटाला मिश्या लावाव्या लागल्या.

मग मास्तर विहिरीपाशी उभे राहिले. मानवी मनातल्या भयाचा उगम अर्ध्या पानातच संपला, कारण समोर भागोजी बसला होता. जुना सोबती. केस पिकलेले, हात जोडलेले, डोळ्यांत खरीखुरी भक्ती. या माणसाला आपलं सोंग आठवतच नाहीये, हे मास्तरांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कागद खिशात घातला.

"ऐका रे," ते म्हणाले. "इथं साहेब नाही. कधीच नव्हता. त्या दिवशी विहिरीत मी बसलो होतो. तो आवाज माझा होता."

मग भागोजीनं जमिनीवर डोकं टेकलं आणि ओरडला, "आला! सायब मास्तरांच्या अंगात आला! व्हय म्हाराजा!"

"अरे गाढवा, अंगात काय येतंय! तूच तर काठावर लोळला होतास!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"मी शुद्धीत आहे!"

"व्हय म्हाराजा!"

कुणीतरी मास्तरांच्या कपाळाला अंगारा फासला. कुणी लिंबू फिरवलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकाशी अमोनिया धरला, त्याच्या नाकाशी आता कांदा आला. मास्तर संतापले आणि संतापाच्या भरात त्यांनी घोडचूक केली. पुरावा म्हणून त्यांनी अख्खा अर्ज खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. ताप, घरचं काम, दोन दिवस, सगळं. मग काय! बायकांनी लोटांगणं घातली. साक्षात साहेबाचा आवाज! दिग्दर्शक कॅमेरेवाल्याला नुसता खुणावत होता, थांबवू नकोस, थांबवू नकोस. उल्का डोक्याला हात लावून परसाच्या दगडी गडग्यावर बसली होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला तो भाग टीव्हीवर लागला. वाडीतला एकुलता टीव्ही मास्तरांच्याच घरी. अँटेनाला बांबू बांधून दोघं माडावर चढले होते, तरी पडद्यावर मुंग्या होत्याच. त्या मुंग्यांतून मास्तर दिसले. विस्फारलेले डोळे, कपाळाला राख, तोंड उघडतंय मिटतंय. पण आवाज त्यांचा नव्हता. त्यांचा आवाज काढून तिथं कुणाचा तरी घोगरा आवाज घातला होता. "ही जागा माझी आहे! हा हा हा!" आणि शास्त्रीय खुलासा करायला मुंबईचा एक चष्मेवाला डॉक्टर. तो म्हणाला, खेड्यातल्या अशिक्षित माणसांना असे झटके येतात.

माजघरात टाळ्या पडल्या. आपला माणूस टीव्हीवर आला! अशिक्षित म्हटल्याचं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. कुसुमताईंनी टीव्ही बंद केला आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर तो काळा पडदा बघत बसले होते. लाजेनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण भाग लागला आणि कुठून कुठून जीपा यायला लागल्या. राजापूरकडून, लांज्याकडून, एक तर थेट कोल्हापूरची. विहीर कुठं, साहेब कुठं, झपाटलेला म्हातारा कुठं. पोरं विहिरीत वाकून बघायला लागली. कुणी पडला तर साहेबाच्या नावानं आपल्यावर येईल, असं म्हणून गावकऱ्यांनी ठराव केला, की पाऊस लागायच्या आत विहिरीवर सिमेंटची लादी घालून ती कायमची बुजवायची आणि वर साहेबाला घुमटी बांधायची. वाळू येऊन पडली. काम बुधवारी सुरू व्हायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी उल्का आली. मालिकेचं काम सोडून आली होती. ती माफी मागायला लागली, तसे मास्तर उसळले. "तू कशाला? मी सांगितलं, तुझ्या लोकांनी कापलं. मी अख्ख्या गावासमोर सांगितलं, गाढवांनी ऐकलं नाही. आता आणखी कुणाला सांगू? कलेक्टरला?"

उल्का म्हणाली, "सर, सोनूबाईला सांगितलंत?"

मास्तरांचा हात घड्याळाकडं गेला.

"तिला कशाला सांगतील," कुसुमताई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "तिथं कॅमेरा नाही ना."

त्या दोन बायकांकडं आळीपाळीनं बघताना मास्तरांना कळून चुकलं, की आपण कागदावर लिहिलं, गावासमोर सांगितलं, कॅमेऱ्यासमोर सांगितलं, पण ज्या एका बाईच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं तिच्या दारात आपण साधी चप्पलसुद्धा कधी काढली नाही. भुताला न भिणारा माणूस सोनूबाईला भीत होता. छत्तीस वर्षं.

बुधवारी उजाडल्याबरोबर ते गेले. सोनूबाई अंगणात हंडा घासत होती, पऱ्यावर निघायच्या बेतात. धाकू मुंबईतच वारला होता, पोरं तिकडंच लागली होती. घरात ती एकटी.

"मास्तर? बसा की."

मास्तर बसले नाहीत. उभ्यानं सांगितलं. चार पानं लागली नाहीत, चार वाक्यं पुरली. "सोनूबाई, साहेब नाही. विहिरीत मी होतो. आमच्या बाटल्या होत्या आत. तुझी विहीर मी बंद केली."

सोनूबाई हंडा घासायची थांबली. रागावली नाही, रडली नाही. त्यांच्याकडं बघत राहिली, रोजच्या ओळखीची वस्तू परकी वाटावी तशी. मास्तरांना वाटलं, आता हीपण 'व्हय म्हाराजा' म्हणते की काय.

तिनं डोक्यावरचा पदर मागं सरकवला आणि मान खाली घातली. टाळूवर केस नव्हते. चुंबळीच्या आकाराचा तळहाताएवढा गोल, गुळगुळीत, चामडं कसं घट्ट आणि काळं झालेलं.

"मला वाटायचं, सायबाचा कोप," ती म्हणाली. "सासूनं पयल्याच वर्सी डोकं चाचपून इचारलं, केस कशानं गेले गो. मी म्हटलं, सायबानं खाल्ले. तिनं अंगारा लावला. मी पण लावत र्‍हायले. आत्तापर्यंत लावते, मास्तर."

कधी नव्हे ते मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोर आणा," सोनूबाई म्हणाली.

"काय?"

"माज्या घरात हिरीचा दोर नाय. लागलाच नाय कदी. तुमच्याकडचा आणा."

मास्तर धावत गेले, धावत आले. दोर, पोहरा, मागून उल्का आणि कुसुमताई. तोवर भागोजी आणि वाडीतले आठ-दहा गडी फावडी घेऊन आले होते. मास्तर विहिरीपाशी दिसल्याबरोबर त्यांनी फावडी टाकून हात जोडले. भागोजीनं गाऱ्हाण्याला तोंड उघडलं.

"भागोजी, थोबाड मीट," सोनूबाई म्हणाली.

तिच्या तोंडून असा शब्द गावानं पहिल्यांदा ऐकला. भागोजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "माजी हीर हाय. माज्या सासऱ्यानं खणली. लादी घालायची तर पयली मला आत लोटा, मग घाला. काढा, मास्तर."

मास्तरांनी पोहरा सोडला. पाणी वर आलं, पाचोळा बाजूला केला तर खाली काचेसारखं. गडी दोन पावलं मागं सरले. सोनूबाईनं ओंजळ भरली आणि सगळ्यांच्या देखत प्यायली. पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. तोंड पुसलं नाही. हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि ती तशीच सगळ्यांकडं एकेक करून बघत होती. कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. भागोजीनं तर पाठच फिरवली.

हंडा भरला. मास्तर बाजूला झाले. सोनूबाईनं आपली चुंबळ उचलली, हातावर झटकली आणि मास्तरांच्या टकलावर नीट बसवली.

"अहो, मास्तरांच्या डोक्यावर..." कुणीतरी म्हणालं.

"गप," कुसुमताई म्हणाल्या.

उल्कानं एका बाजूनं आणि सोनूबाईनं दुसऱ्या बाजूनं हंडा चढवला. मास्तरांची मान दबली, पाणी डचमळलं, कानामागून ओघळ गेला. त्यांनी दोन्ही हातांनी हंडा धरला, दात आवळले आणि मनाची तयारी केली. अठ्ठावन्न वर्षांचं शरीर होतं. जमेल तेवढं जायचं, पडलो तर पडलो, असं ठरवून ते चालायला लागले.

आणि लगेच घराचा उंबरठा आला.

मास्तर थबकले. त्यांनी मागं वळून बघायचा प्रयत्न केला, पण डोक्यावर हंडा होता. विहीर ते घर, वीस पावलंही भरली नव्हती. मानेला अजून ओझंसुद्धा कळलं नव्हतं. ते तिथंच उंबऱ्यात उभे राहिले, हंडा धरून, आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. हंडा हलायला लागला.

"सांडू नका, मास्तर," सोनूबाई मागून म्हणाली. "आत ठेवा. अजून दोन खेपा हायत."